गिरणीवाला अर्ज करतो, आपण घोषणा देतो



१९ ऑगस्ट २०२५ ही तारीख ध्यानात ठेवा. त्या दिवसापासून दिल्लीच्या सरकारने परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले. आपल्या रानातली कपाशी तेव्हा पात्या-फुलांवर होती. आधी सांगितले की सवलत फक्त ३० सप्टेंबरपर्यंत आहे. दहा दिवसही झाले नाहीत तोच ती ३१ डिसेंबरपर्यंत लांबवली. मराठवाड्यात कोरडवाहू कपाशीची पहिली वेचणी दसरा-दिवाळीच्या सुमारास होते. ज्याच्या मागे बँकेचा, कृषी सेवा केंद्राचा आणि सोयऱ्याधायऱ्यांचा तगादा आहे तो वर्ष संपायच्या आत कापूस विकून मोकळा होतो. म्हणजे ज्या महिन्यांत आपला माल बाजारात येतो, नेमक्या त्याच महिन्यांत बाहेरच्या मालाला दार सताड उघडे! त्याच सप्टेंबरात अतिवृष्टीने मराठवाड्यातली पिके पाण्यात गेली. जे वाचले ते अशा बाजारात गेले.

मध्यम धाग्याच्या कापसाचा त्या हंगामाचा हमीभाव ७,७१० रुपये होता. तो पदरात पडायचा तर कापूस महामंडळाच्या केंद्रावर नाव नोंदवा, ओलावा ८ ते १२ टक्क्यांत बसवा आणि नंबर येईपर्यंत थांबा. ज्याला थांबता आले नाही त्याने व्यापारी देईल तो भाव घेतला. यात नवे काही नाही. हे का झाले आणि कोणी करून घेतले, ते नीट समजून घेऊ.

हे शुल्क फेब्रुवारी २०२१ च्या अंदाजपत्रकात आले. तेव्हापासून गिरणीमालकांच्या आणि कापड उद्योगाच्या संघटना ते काढा म्हणून लेखी मागणी करत आल्या. एप्रिल २०२२ मध्ये त्यांनी ते एकदा उठवून घेतले. आधी सप्टेंबरअखेर, मग ऑक्टोबरअखेर. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचे शुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेले, तेव्हा त्यांची मागणी टेबलावर तयारच होती. अंदाजपत्रक कोणत्या महिन्यात बनते, कोणत्या खात्यात कोणती फाईल आहे, कोणत्या अधिकाऱ्याला कोणता आकडा दाखवायचा, हे त्यांना ठाऊक आहे. वर्षानुवर्षे त्यांचे एकच म्हणणे, एकाच भाषेत, पोच घेऊन, दिल्लीत दाखल होत राहिले.

गिरणीवाल्यावर आमचा राग नाही. त्याने आपला नागरिकाचा हक्क वापरला. आमचा राग या गोष्टीवर आहे की देशातल्या लाखो कापूस उत्पादकांच्या भावाचा निर्णय होताना त्या खोलीत कापूस पिकवणाऱ्याच्या बाजूची खुर्ची रिकामी होती. सरकारने ती मांडली नाही हे खरे. पण ती मांडा म्हणून आपण किती वेळा, कोणाला, कोणत्या तारखेला लेखी सांगितले? निर्णय झाल्यावर आपण रस्ता रोखला, निवेदन तहसीलदाराच्या हातात दिले, फोटो काढला आणि घरी आलो.

मागणे म्हणजे भीक नव्हे

या चळवळीने चाळीस वर्षांपूर्वी सांगितले होते, भीक नको, हवे घामाचे दाम. त्या घोषणेचा अर्थ काही मंडळींनी सोयीस्कर लावला आहे. सरकारदरबारी काही मागायचेच नाही, अर्ज म्हणजे लाचारी, असे ते म्हणतात. दुसरीकडे पुढाऱ्यांनी आपल्याला एक नवे नाव दिले आहे, लाभार्थी. लाभार्थ्याने रांगेत उभे राहायचे, अंगठा टेकवायचा आणि आभार मानायचे. या दोन्ही टोकांत नागरिक कोठे गेला?

१० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. तो गोऱ्यांनी लिहून आपल्याला दिला, असे समजू नका. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता त्या समितीत होत्या. पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघेल असे शब्द होते. ते बदलून 'सर्व माणसे' असे करायला त्यांनी लावले. त्याच जाहीरनाम्याचे २१ वे कलम म्हणते की आपल्या देशाच्या कारभारात भाग घेणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. १७ वे कलम मालमत्ता बाळगण्याचा हक्क सांगते. आपल्या देशाने मात्र १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून काढून टाकला. ज्याची सगळी मालमत्ता म्हणजे दोन-चार एकर रान, त्याच्या दृष्टीने याचा अर्थ काय, ते भूसंपादनाची नोटीस हातात पडलेल्याला विचारा.

आणखी एक कागद आहे. तो आपल्या गावोगाव पोचायला हवा होता आणि पोचला नाही. १७ डिसेंबर २०१८ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने शेतकऱ्यांच्या आणि ग्रामीण भागात राबणाऱ्या माणसांच्या हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. बाजूने १२१ देश, विरोधात ८, तटस्थ ५४. विरोधात अमेरिका आणि ब्रिटन होते. भारताने बाजूने मत दिले. एकूण २८ कलमे आहेत. जमीन, बियाणे, समाधानकारक उत्पन्न, बाईमाणसाचा समान हक्क हे सगळे त्यात आहे. दुसऱ्या कलमात स्पष्ट म्हटले आहे की शेतकऱ्यांवर परिणाम करणारे कायदे, धोरणे आणि आंतरराष्ट्रीय करार करण्याआधी सरकारने शेतकऱ्यांच्या प्रतिनिधी संस्थांशी सल्लामसलत करावी.

हा जाहीरनामा कायद्यासारखा बंधनकारक नाही. तो दाखवून कोर्टात शुल्क परत बसवता येणार नाही. पण ज्या सरकारने जगापुढे त्याच्या बाजूने हात वर केला, त्याला हे विचारता येते: १९ ऑगस्टच्या निर्णयाआधी तुम्ही कोणत्या कापूस उत्पादकांशी बोललात? त्यांची नावे सांगा, तारीख सांगा. हा प्रश्न फुकट आहे. आणि तो जाहीरनामा कोणा मुत्सद्द्याच्या डोक्यातून निघाला नव्हता. इंडोनेशियातल्या शेतकरी संघटनांनी सुरुवात केली, देशोदेशीच्या छोट्या शेतकऱ्यांनी तो लावून धरला, आणि जवळपास १७ वर्षांनी तो मंजूर झाला.

बहात्तरचा दुष्काळ आठवा

अशा गोष्टी परदेशातच होतात, असे म्हणणाऱ्यांनी आपल्या आजोबांना विचारावे. १९७२ साली जालना जिल्हा झालेला नव्हता. तो झाला १ मे १९८१ ला. भोकरदन तालुका तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होता. त्या दुष्काळात विहिरी आटल्या, बैल कवडीमोलाने गेले, सुकडी आणि अमेरिकेची लाल मिलो खाऊन माणसे जगली. खडी फोडायला, पाझर तलावाची माती उचलायला घरेच्या घरे बाहेर पडली. मे १९७३ मध्ये राज्यभरातल्या दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसे होती.

ती माणसे नुसती खडी फोडत बसली नाहीत. कामे सुरू करा, मजुरी वेळेवर द्या, म्हणून त्यांनी मोर्चे काढले, कचेऱ्यांना घेराव घातले. दुसऱ्या बाजूने विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी कामाच्या हमीची कल्पना मांडली होती. तिचा पहिला प्रयोग १९६५ साली तासगाव तालुक्यातल्या विसापूरला झाला होता. रस्त्यावरचा रेटा आणि सभागृहातला मसुदा एकमेकांना भेटले, म्हणून १९७७ साली महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. त्यासाठी शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसला. मागेल त्याला काम, पंधरा दिवसांत काम नाही दिले तर भत्ता, ही गोष्ट कोरडवाहू माणसाने राज्याच्या कायद्यात घालून घेतली. २००५ साली तीच देशाच्या कायद्यात गेली आणि जगभरचे अभ्यासक ती पाहायला आले.

पुढची गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने तो कायदा काढून त्या जागी दुसरा आणला. दिवस १०० चे १२५ केले. पण आपल्यासारख्या राज्यांवर खर्चाचा ४० टक्के भार टाकला आणि पेरणी-कापणीच्या काळात ६० दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची तरतूद केली. हंगामात मजूर मिळत नाही ही आपली अडचण आहे, म्हणून काहींना ही तरतूद गोड वाटेल. पण तीन एकराचा धनी उन्हाळ्यात स्वतःच त्या कामावर जातो, हेही खरे आहे. बरे की वाईट यावर मेळाव्यात खुशाल वाद घाला. आमचा मुद्दा इतकाच, की ज्यांच्या मोर्च्यांतून हा हक्क जन्मला त्या गावांना बदल करताना कोणी विचारले नाही. कायदा मिळवला म्हणजे काम संपले, असे समजून आपण झोपलो की असे होते.

माहितीच्या अधिकाराचेही तसेच. राजस्थानात मजुरांनी हजेरीपट दाखवा म्हणून १९९६ साली ब्यावरला ४० दिवस धरणे धरले. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर २००३ साली राज्याचा कायदा पक्का झाला. देशाचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झाला. मजुराने आपली हजेरी पाहायला मागितली, त्यातून मंत्रालयाची फाईल पाहण्याचा हक्क सगळ्यांना मिळाला.

बेनिनचा शेतकरी आपला कोण?

आता जगाचे म्हणाल, तर ऐका. पश्चिम आफ्रिकेत बेनिन, बुर्किना फासो, माली आणि चाड असे चार गरीब देश आहेत. तिथला शेतकरी आपल्यासारखाच पावसावर कापूस पिकवतो, हाताने वेचतो. अमेरिकेत कापूस पिकवणारे सुमारे २५ हजार, आणि त्यांचे सरकार त्यांना इतके अनुदान देत होते की अमेरिकी कापूस जगाच्या बाजारात स्वस्तात ओतला जाई आणि सगळीकडचे भाव पडत. आपलेही पडत. २००२ साली ऑक्सफॅम या संस्थेने यावर अहवाल काढला. श्रीमंत देशांतल्या सामान्य नागरिकांनी, ज्यांनी जन्मात कपाशी पाहिली नसेल, सह्या गोळा केल्या, आपापल्या प्रतिनिधींना जाब विचारला. १० जून २००३ रोजी बुर्किना फासोचे अध्यक्ष जिनिव्हात जागतिक व्यापार संघटनेपुढे उभे राहिले आणि म्हणाले की आम्हाला मदत नको, रास्त बाजार हवा. आपण वेगळे काय म्हणत होतो?

त्याच सुमारास ब्राझीलने अमेरिकेवर दावा केला होता. २००५ साली अमेरिका अपिलातही हरली. २००६ साली तिला एक अनुदान योजना बंद करावी लागली आणि २०१४ साली ब्राझीलच्या कापूस उत्पादकांसाठी ३० कोटी डॉलर मोजून तडजोड करावी लागली. डिसेंबर २०१५ मध्ये नैरोबीच्या परिषदेत कापसावरची निर्यात अनुदाने बंद करण्याचे ठरले. अमेरिकेची देशांतर्गत अनुदाने अजून गेलेली नाहीत, लढा अर्धाच झाला आहे. पण चार कंगाल देशांनी कागद, आकडे आणि चिकाटी एवढ्यावर जगातल्या सर्वांत बलाढ्य सरकारला खुलासा करायला लावला. जगात कापसाला कोठेही न्याय मिळाला तर त्याची झुळूक जालन्याच्या मोंढ्यापर्यंत येते. कोठे अन्याय झाला तर त्याची झळ लागतेच.

ज्वारीचेही पाहा. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष जाहीर केले. मोठमोठ्या मेजवान्यांत भाकरी पोचली. २०२५-२६ साठी संकरित ज्वारीचा हमीभाव ३,६९९ रुपये ठरला. त्या भावाने भोकरदन तालुक्यात किती क्विंटल ज्वारी सरकारने घेतली, हा प्रश्न कोणी लेखी विचारला आहे काय?

'पत्राने काय होते?'

हे हमखास विचारले जाते. कागद टोपलीत जातो, म्हणतात. एक कागद जातो, हे कबूल. पण आवक क्रमांक असलेला कागद टोपलीत टाकायला अधिकारी कचरतो. एकाच प्रश्नाचे दोनशे कागद दोनशे गावांतून, प्रत्येकाची पोच घेऊन गेले, तर त्याला वरिष्ठाला विचारावे लागते. आमदाराला तारांकित प्रश्न टाकता येतो, लक्षवेधी मांडता येते. खासदाराला लोकसभेत प्रश्नासाठी किमान १५ दिवस आधी सूचना द्यावी लागते. त्यांना ते आपसूक सुचत नाही. आपण लिहून हातात द्यायचे, अधिवेशन संपल्यावर काय केले ते विचारायचे, आणि उत्तर गावातल्या फळ्यावर लावायचे. पुढच्या मतदानाला तो फळा सगळ्यांनी वाचलेला असतो, हे पुढाऱ्याला चांगले कळते.

दुसरा आक्षेप असा की मग आंदोलन सोडायचे काय? मुळीच नाही. एकाधिकार खरेदीच्या काळात राज्याबाहेर कापूस नेण्याची बंदी मोडणारी ही चळवळ आहे. आंदोलनाने दार उघडते. पण दार उघडल्यावर आत जाऊन बोलायला कोणी हवे, आणि त्याच्या हातात आकडा हवा. आमच्यापैकी ज्यांनी कृषीची पदवी घेतली त्यांना एकरी उत्पादन कसे वाढवावे ते शिकवले गेले. हमीभाव कसा ठरतो ते कोणी शिकवले नाही. आयोगाने २०२५-२६ साठी कापसाचा उत्पादन खर्च क्विंटलला ५,१४० रुपये धरला आणि त्याच्या दीडपट ७,७१० हमीभाव आला. या खर्चात बियाणे, खत, मजुरी आणि घरच्यांचे श्रम धरले आहेत. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलावरचे व्याज धरलेले नाही. शिवाय ते सगळे सरासरीचे गणित. काळ्या भारी रानातला ओलिताचा कापूस आणि मुरमाड माथ्यावरचा कोरडवाहू कापूस यांचा क्विंटलमागे खर्च एक कसा असेल? हे सिद्ध करायला वही लागते. वेचणीची मजुरी किलोमागे किती गेली, किती फवारण्या, किती किलो सरकी-कापूस, हे लिहिलेल्या शंभर वह्या आपल्या जिल्ह्यातून आयोगापुढे गेल्या तर त्या खोडायला त्यांना शंभर वह्या आणाव्या लागतील.

आता करायचे काय

पिंपळगाव रेणुकाईच्या मिरची बाजारात कोणी अदमासाने माल देत नाही. काटा पाहतो, पट्टी घेतो, मग पैसे मोजतो. सरकारशीही तसाच व्यवहार करायचा. जिल्हा मेळाव्यापुढे आम्ही पाच कामे ठेवतो.

पहिले, प्रत्येक गावात पाच जणांचे पाठपुरावा मंडळ. त्यात किमान दोन बाया हव्यात. वेचणी, खुरपणी, निंदणी त्यांची आणि सातबारा मात्र नवऱ्याचा, म्हणून कर्जाला, विम्याला, सहीला त्या शेतकरी नाहीत. चांदवडला नोव्हेंबर १९८६ मध्ये लाखो बाया जमल्या, त्यानंतर लक्ष्मीमुक्तीत अनेकांनी बायकोच्या नावे जमीन केली. ते काम आपल्या घरात अर्धे राहिले आहे. सरकारकडे हक्क मागताना आपल्या उंबऱ्याच्या आतला हक्क थकलेला नसावा.

दुसरे, पीक विमा. एक रुपयातला विमा खरीप २०२५ पासून बंद झाला. कापसाला विमा रकमेच्या ५ टक्क्यांपर्यंत हप्ता आला आणि भरपाई पीक कापणी प्रयोगाच्या उत्पादनावर ठरू लागली. मग ते प्रयोग आपल्या महसूल मंडळात कोणत्या गटात, कोणत्या तारखेला झाले, किती वजन भरले, याच्या नकला माहिती अधिकारात मागा. अर्ज एकाच विषयाचा, १५० शब्दांच्या आत, दहा रुपयांचे तिकीट लावून. तीस दिवसांत उत्तर नाही आले तर पहिले अपील करा. उत्पादन जास्त दाखवले गेले असेल तर त्या कागदावरच कळेल.

तिसरे, प्रत्येक ग्रामसभेत दोन ठराव: कापूस आयात शुल्काचा निर्णय वेचणीच्या हंगामात उत्पादकांना विचारल्याशिवाय होऊ नये, आणि ज्वारीची हमीभाव खरेदी तालुक्याच्या ठिकाणी व्हावी. ठराव इतिवृत्तात आला की नाही ते वाचून सही करा. नक्कल खासदार, आमदार, जिल्हाधिकारी यांना पाठवा.

चौथे, वेळ पाळा. वापसा गेल्यावर तिफण धरून उपयोग नाही. देशाचे अंदाजपत्रक १ फेब्रुवारीला येते, तेव्हा शुल्काचे पत्र दिवाळी सरताच गेले पाहिजे. खरिपाचे हमीभाव मे-जूनमध्ये जाहीर होतात, म्हणून खर्चाच्या वह्या जानेवारीत आयोगाकडे पोचल्या पाहिजेत.

पाचवे, प्रत्येक पत्राची पोच आणि प्रत्येक उत्तर एका फाईलीत, गावाच्या नावाने. अध्यक्ष बदलतो, तलाठी बदलतो, सरकार बदलते. फाईल राहिली तर पुढचा माणूस पहिल्या पानापासून सुरुवात करत नाही.

मेळाव्याला येताना झेंडा आणा, बिल्ला लावा, घोषणा द्या. सोबत गावाचा एक कागद आणा. त्यावर एकच प्रश्न असावा, खाली सह्या असाव्यात, आणि तो कोणत्या तारखेला कोणाच्या हातात द्यायचा ते लिहिलेले असावे. ज्या गावाचा कागद नसेल त्याला आम्ही मेळाव्यातच बसवून तो लिहून घेणार आहोत.